बारा ते तीन

नोव्हेंबर लागला की ग्रान कनारिया बेटावरच्या लास पाल्मासच्या धक्क्यावर दोन जातींची माणसं दिसू लागतात. बोट असलेली आणि बोट नसलेली. बोटवाल्यांची घाई चाललेली असते. कुणी डोलकाठीच्या टोकाला लटकून दोर तपासतोय, कुणी इंजिनात डोकं खुपसून बसलाय, कुणाच्या डेकवर भोपळे, डिझेलचे कॅन आणि वाळत घातलेले टॉवेल एकत्र नांदताहेत. बिनबोटवाल्यांना घाई नसते. ते सकाळी आंघोळ करून, असलेल्यातला बरा सदरा घालून, एका तरंगत्या धक्क्यावरून दुसऱ्यावर फिरत राहतात आणि नजरेला नजर मिळाली की विचारतात, ‘अटलांटिकपार जाताय? माणूस हवंय?’

मी या दुसऱ्या जातीतली होते. खिशात चिठ्ठ्या बाळगून होते. कपडे धुण्याच्या खोलीतल्या फळ्यावर, बारच्या दारावर, जिथे टाचणी रुतेल तिथे त्या लावायच्या. चिठ्ठीत लिहिलं होतं: चाळिशी उलटलेली, स्वयंपाक येतो, बोट लागत नाही, मुंबईच्या बंदरात शिडं ओढायला शिकले आहे. बोट न लागण्याचं विधान अरबी समुद्रापुरतं खरं होतं.

हा महिना आणि ही जागा कुणी ठरवली असं विचारलं, तर वाऱ्याने. जूनपासून नोव्हेंबर अखेरपर्यंत कॅरिबियनकडे चक्रीवादळांचा मोसम असतो. तो उतरणीला लागतो तेव्हा ईशान्येचे व्यापारी वारे स्थिरावत असतात, आणि ते कनारी बेटांच्या खालून सुटले की थेट वेस्ट इंडिजपर्यंत पाठीवर हात ठेवून नेतात. कोलंबसही 1492 च्या सप्टेंबरात याच बेटांतल्या ला गोमेराहून निघाला होता. 1986 पासून दर नोव्हेंबरात लास पाल्मासहून बोटींचा मोठा ताफा एकदमच निघतो. आता तो सेंट लुशिया बेटावर जाऊन थांबतो. अंतर साधारण 2700 सागरी मैल, म्हणजे पाच हजार किलोमीटर. ताफ्यातल्या असोत की एकांड्या, बऱ्याच बोटी नवरा-बायकोच्या असतात. दोघांनी तीन आठवडे आळीपाळीने जागायचं म्हटलं की दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद व्हायची वेळ येते. म्हणून त्यांना तिसरं, चौथं माणूस हवं असतं. हात हवेत असं ते म्हणतात. हवे असतात ते डोळे.

मला वाटत होतं की कप्तान मला गाठी मारून दाखवायला सांगेल. मी बोलाइनची गाठ पाठीमागे हात नेऊनही मारून बघितली होती. ज्या बोटीवर अखेर माझी वर्णी लागली तिचा कप्तान निवृत्त इंजिनियर होता, मितभाषी, चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसणारा. त्याने गाठींचं नाव काढलं नाही. त्याने विचारलं, ‘तुला झोप लागते का? कुठेही, कधीही, गोंगाटात?’ मी म्हटलं, लागते. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने माझ्याकडे. मला जरा अपमानच वाटला. इतक्या लांबून आले ती झोपायला?

परीक्षा अर्थात दोन्हीकडून चालते. एकटी बाई अनोळखी माणसांबरोबर तीन आठवडे अशा जागी जाणार, जिथून उतरून जाता येत नाही. मी आधीच्या खलाशांचे पत्ते मागून घेतले आणि त्यांच्याशी बोलले. लाइफराफ्टची तपासणी कधी झाली ते विचारलं. बोटीवर दारूचे नियम काय, हे बायकोला वेगळं गाठून विचारलं. ती हसली नाही, नीट उत्तर दिलं, तेव्हाच मी मनात होकार भरला. मग कागद. कप्तान ज्या बंदरात खलाशी उतरवतो तिथे तो त्या खलाशाची जबाबदारी डोक्यावर घेऊन उतरतो. म्हणून पुढच्या परतीच्या तिकिटाचे पैसे आहेत का, हे तो आधी बघून घेतो. खाण्यापिण्याची वर्गणी ठरली. खलाशांच्या यादीत माझं नाव चढलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मी बोटवाल्यांच्या जातीत गेले. धक्क्यावर फिरणाऱ्यांकडे मीसुद्धा जरा घाईतच बघायला लागले, हे सांगायला हरकत नाही.

आम्ही पाच जण. कप्तान, त्याची बायको, एक डच बाई (आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेली), फ्रान्सच्या ब्रिटनीहून आलेला एक तरुण पोरगा आणि मी. भाजीबाजार झाला. पुठ्ठ्याचा एक तुकडाही बोटीवर येऊ द्यायचा नाही, कारण त्याच्या घड्यांतून झुरळांची अंडी येतात. सगळी फळं धक्क्यावरच धुवायची. केळ्यांचा घड मागे टांगायचा आणि तो एकाच दिवशी सगळाच्या सगळा पिकणार हे मुकाट्याने मान्य करायचं. टिकणारी भाजी म्हणजे कांदे, बटाटे आणि कोबी. मी माझ्या सामानातून पोहे, मेतकूट आणि लिंबाचं लोणचं काढून फडताळात ठेवलं. डच बाईंनी मेतकुटाचा वास घेऊन डबी जपून परत जागेवर ठेवली. पाचव्या दिवशी त्याच ते मऊ भातावर घालून मागत होत्या, कारण पोटात दुसरं काही ठरत नव्हतं. माझ्याही.

निघण्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. भोंगे वाजतात, माणसं हात हलवतात, बेट दिवसभर मागे दिसत राहतं आणि सहाराची तांबूस धूळ वाऱ्याकडच्या दोरांवर बसते. जुन्या खलाशांचं सांगणं असं की लोणी वितळेपर्यंत दक्षिणेला जा, मग पश्चिमेला वळा. आम्ही तसंच केलं. सहा नॉटचा वेग, म्हणजे ताशी अकरा किलोमीटर. निवांत चालवलेली सायकल. त्या वेगाने एक महासागर ओलांडायचा. रोज दुपारी बाराला कप्तानाची बायको कागदी नकाशावर पेन्सिलने फुली मारायची, आणि आम्ही पाचही जण वाकून तिच्याकडे बघायचो.

बोट वाऱ्यापुढे पळत असली की ती एका अंगावर कलत नाही. दोन्हीकडे डुलते, अखंड, रात्रंदिवस. फडताळातला एखादा डबा सुटतो आणि तीन तास या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जात राहतो. त्याला शोधायला उठलं की तो गप्प. बिछान्याच्या कडेला कापडाची झोळी बांधलेली असते, माणूस खाली पडू नये म्हणून. त्या झोळीत मी पडून राहायची. कानापासून चार बोटांवर बोटीची भिंत आणि भिंतीपलीकडे घसरत जाणारं पाणी. पाण्याखाली चार-पाच किलोमीटर आणखी पाणी. आणि वर, माझ्या डोक्यावर, पहाऱ्याला तो ब्रेटन पोरगा. वय पंचविशीच्या आत. दिवसा तो सारखा फोनमधलं संगीत ऐकायचा.

कप्तानाच्या प्रश्नाचा अर्थ मला तेव्हा कळला. पहिल्या रात्री मी झोपलेच नाही. मी खाली पडून त्या पोराचा पहारा करत होते. त्याच्या पट्ट्याचा आकडा जीवनदोरीला अडकल्याचा आवाज आला की बरं वाटायचं. बराच वेळ आवाज आला नाही की वाटायचं, झोपला असेल, पडला असेल, जहाज येत असेल. क्षितिजावर दिसलेलं मालवाहू जहाज पंधरा-वीस मिनिटांत अंगावर येऊ शकतं, म्हणून तेवढ्या अवधीत एकदा तरी उभं राहून चहूकडे नजर फिरवायची असते. मी खालून मिनिटं मोजत होते. बारा वाजता तो मला उठवायला आला तेव्हा मी टक्क जागी. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘हे असं चालणार नाही. तू झोपली नाहीस तर तीनपर्यंत मला जागावं लागेल.’

पोरगं बरोबर बोलत होतं. बोटीवर झोपणं हे कामात धरलेलं असतं. स्वयंपाकघरातला ओटा पुसणं चुकलं तर चालतं, झोप चुकवली तर तिची किंमत दुसरा कुणीतरी चुकवतो. आयुष्यभर मी माझी झोप माझ्याच ताब्यात ठेवली होती. कडी लावून, कुलूप दोनदा ओढून बघून. रेल्वेत बॅगेची पट्टी मनगटाला गुंडाळून. आपल्याकडे बाईला जन्मापासून हेच शिकवलेलं असतं की अर्धी झोप राखून झोप. ती राखलेली अर्धी इथे सोडून द्यायची होती, आणि तीही महिनाभरापूर्वी ठाऊक नसलेल्या माणसांवर.

एकट्याने समुद्र ओलांडणाऱ्यांना हा प्रश्न पडत नाही. त्यांचा याहून अवघड असतो. झोप सोपवायला त्यांच्याजवळ कुणी नसतंच. जगाभोवती पहिल्यांदा एकट्याने शिडाची बोट नेणारा जोशुआ स्लोकम 1895 मध्ये अझोरेस बेटांवरून पुढे निघाला, तेव्हा प्लम आणि पांढरं चीज खाऊन त्याचं पोट असं बिघडलं की तो केबिनमध्ये पालथा पडला. बाहेर वादळ. ग्लानीतून डोळे उघडले तर सुकाणूवर एक दांडगा परका माणूस उभा. तो म्हणाला, मी कोलंबसाच्या ‘पिंटा’ जहाजाचा वाटाड्या, तू पडून राहा. सकाळी बोट योग्य दिशेनेच चाललेली होती. लोक ही गोष्ट भुताची म्हणून सांगतात. मला ती झोपेची वाटते. आपल्या कमांडर दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट 2009 मध्ये मुंबईहून एकट्याने जगप्रदक्षिणेला बोट हाकारली आणि मे 2010 मध्ये ती परत मुंबईला आणली. ती ‘म्हादेई’ गोव्यात, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत बांधलेली. दोंद्यांच्या पाठोपाठ अभिलाष टॉमी त्याच बोटीतून कुठेही न थांबता पृथ्वी फिरून आले. लोक त्यांच्या लाटांबद्दल विचारतात. मला विचारायचं असतं ते त्यांच्या झोपेबद्दल. घड्याळाचा गजर लावून, तुकड्यातुकड्यांनी घेतलेल्या त्या झोपेत सुकाणूवर कोण असायचं?

माझा पहारा बारा ते तीन. सुकाणू हातात धरायचं नसतं. वाऱ्यावर चालणारं एक पातं मागे बसवलेलं असतं, ते बोटीचं तोंड सांभाळतं. माणसाने फक्त बघायचं आणि ऐकायचं. दोर घासून झिजतात का, शिडाचा आवाज बदलला का, कुठे दिवा दिसतो का. आणि आकाश. मी पहारा घ्यायची तेव्हा मृग नक्षत्र जवळजवळ माथ्यावर असायचं, सोडायची तेव्हा ते नाळेकडे कललेलं. संध्याकाळी आमच्या मागून उगवून रातोरात आम्हाला गाठून पुढे जायचं. उजव्या हाताला, उत्तरेला, ध्रुव. डाव्या हाताला, दक्षिणेला, अगस्त्य.

ध्रुव क्षितिजापासून किती उंच दिसतो, तेवढे साधारण तुमचे अक्षांश. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे दहा अंशांची भरते. लास पाल्मासला ध्रुव जेमतेम तीन मुठींवर होता. मग तो उतरू लागला. ज्याला देवाने अढळपद दिलं असं आजीने सांगितलं होतं, तो रोज रात्री थोडा खाली. केप व्हर्दची बेटं डावीकडे लांब राहिली, विसावा अंश ओलांडला, आणि एका रात्री मूठ मोजता मोजता लक्षात आलं की ही उंची माझ्या ओळखीची आहे. हा डहाणूचा ध्रुव. मग तो मुंबईचा झाला. नंतर हरिहरेश्वरचा. सतराव्या अंशावर तो रत्नागिरीचा झाला, आमच्या घराच्या गच्चीवरून दिसायचा तेवढ्याच उंचीवर, दक्षिणेच्या भाट्याकडे पाठ करून उभं राहिलं की समोर. दोन्हीकडे अक्षांश तेच, मधे मात्र जवळजवळ एक तृतीयांश पृथ्वी. कोकणचा किनारा मी असा कधी उतरले नव्हते: रोज काही गावं, उत्तरेकडून दक्षिणेकडे, पुढ्यात एकही माड नसताना. मालवण. वेंगुर्ला. पणजी. सकाळी मी डच बाईंना गावांची नावं सांगायची आणि त्या नकाशाच्या कडेला, अंशांच्या आकड्यांशेजारी, ती रोमन अक्षरांत बारीक लिहून ठेवायच्या. गणिताच्या बाई, आडवी रेघ पृथ्वीभर एकच असते याचा त्यांना माझ्याहून जास्त आनंद झालेला.

आणि जितका ध्रुव खाली, तितका अगस्त्य वर. लास पाल्मासला तो अगदी माध्यान्हीला आला तरी क्षितिजाच्या वर मूठभरच असायचा. दक्षिणेला उतरत गेलो तसा दोन मुठींच्याही वर चढला. समुद्र एका आचमनात पिऊन टाकणारा ऋषी समुद्रावर टांगलेला बघत तीन तास काढायचे, ही चैन मला कुणी फुकट दिली होती. खरं तर फुकट नव्हती. खाली चार माणसं झोपली होती, आणि मी त्यांच्या झोपेच्या जिवावर ती चैन करत होते.

वादळी सरी रात्री दिसत नाहीत. तारे जातात, त्यावरून ओळखायच्या. पूर्वेला, मागे, आकाशाचा एक तुकडा काळा होतो आणि तो वाढत येतो. पुढे काय होईल ते कुणालाच सांगता येत नाही: कधी नुसता पाऊस, कधी वारा दुप्पट. शिडाचा पसारा वेळेत कमी करायला हवा. कप्तानाचं नाव पहाऱ्याच्या यादीत नव्हतं, कारण त्याला कोणत्याही पहाऱ्याला उठवता यावं. त्याची आज्ञा अशी होती: शंका आली की उठव; शंका आली की नाही अशी शंका आली तरी उठव. मी त्याला पहिल्यांदा उठवलं तेव्हा तो वर आला, काळोखाकडे पाहिलं, काही न बोलता पुढचं शीड निम्मं गुंडाळायला लावलं. पाच मिनिटांत सर आली. थोडा पाऊस, वारा जेमतेम वाढला. मी ओशाळून काही म्हणणार, तोवर तो खाली जाऊन घोरायलाही लागला होता. मला वाटतं त्या घोरण्याने मला जितकं शिकवलं तितकं कुठल्या शिडाने नाही. ज्याची बोट, ज्याची बायको खाली निजलेली, तो माणूस माझ्या डोळ्यांवर विसंबून इतक्या चटकन झोपू शकतो! दुसऱ्या दिवशी दुपारी मी झोळीत पडले आणि संध्याकाळीच उठले. त्या वेळात डॉल्फिन येऊन गेले म्हणे, नाळेपुढे अर्धा तास. मला कुणी उठवलं नाही आणि मला वाईटही वाटलं नाही.

याच वाऱ्यांवर दुसरीही जहाजं गेली. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून सव्वा कोट माणसं साखळदंडात घालून अटलांटिकपलीकडे नेली गेली. त्यांतली लाखो वाटेतच मेली. रात्री दोनच्या सुमाराला हे आठवलं की पहाऱ्यातली चैन कडवट व्हायची, आणि व्हावीच. फळ्यांखाली कोंबलेल्या त्या माणसांची झोप कुणी राखली नव्हती. वर जागणारे डोळे त्यांच्यावरच रोखलेले होते. मी खाली बघायची. पोरगा, बाई, कप्तान, त्याची बायको. आपापल्या इच्छेने, वर्गणी भरून.

पश्चिमेला जाताना घड्याळ मागे न्यावं लागतं. कनारी ते सेंट लुशिया या वाटेवर एकूण चार तास. वाढीव तास कुणाच्या पहाऱ्यात घालायचा यावरून बोटीवरचं एकमेव खरं भांडण झालं. ब्रेटन पोराचं म्हणणं, दर वेळी त्याच्याच पहाऱ्याचे चार तास होतात. डच बाईंनी कागद घेऊन तासाची पंधरा-पंधरा मिनिटांची वाटणी करून दाखवली. कप्तानाने तो कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि तास दुपारी, चहाच्या वेळी मागे घेतला. सगळ्यांना एक तास जास्त चहा मिळाला.

मार्टिनिकच्या दिव्यांचा उजेड उजव्या हाताला क्षितिजाखालून आधी दिसला, माझ्याच पहाऱ्यात. नंतर वास आला, ओल्या मातीचा, कुजलेल्या पानांचा. इतके दिवस नाकाला मिठाखेरीज काही न मिळाल्यामुळे तो इतका दाट वाटला की मी कुणालाच न उठवता थोडा वेळ एकटीच घेत बसले. उजाडल्यावर सेंट लुशियाचे हिरवे डोंगर, आणि दुपारच्या आत रॉडनी बेचा धक्का. कागदपत्रांच्या खिडकीपलीकडच्या बाईंनी माझा पासपोर्ट उलटून पालटून पाहिला आणि सांगितलं की त्यांच्या आजीकडचे लोक भारतातून आलेले. कुठून ते घरात आता कुणालाच ठाऊक नाही. इथे पहिलं भारतीय मजुरांचं जहाज 1859 मध्ये आलं. आफ्रिकेला वळसा घालून. आमचे तीन आठवडे मग मी त्यांना सांगितले नाहीत. बाहेरच्या गाडीवर रोटी मिळत होती, आत बटाट्याची आणि चिकनची रस्सेदार भाजी गुंडाळलेली. कोबी नव्हता. पाचही जणांनी त्याबद्दल देवाचे आभार मानले.

वर्गणीचा हिशेब झाला. उरलेले दोन कोबी कुणीच घेतले नाहीत. रात्री लवकर सगळे आपापल्या बिछान्यात गेले. बोट दोरांनी बांधलेली, जराही डुलत नव्हती, पहाऱ्याची यादी फळीवरून उतरवलेली. बाराच्या ठोक्याला मला जाग आली. कपडे चढवून वर आले, तर डच बाई कॉकपिटमध्ये बसलेल्या, नऊ ते बाराच्या पहारेकऱ्याच्या जागेवर, हातात दोन कप चहा. त्यांनी एक मला दिला आणि पहारा सोडताना देतात तसा अहवाल सादर केला: वारा नाही, शेजारच्या ग्रो-इले गावाकडून ढोलाचा आवाज, दूर, धक्क्यावर दोन दारुडे, पूर्वेकडून पश्चिमेकडे, वेग कमी, एक कुत्रा, नांगरलेला. मग ‘तुझ्या ताब्यात’ म्हणाल्या आणि झोपायला खाली गेल्या.